हिस्टरी घ्यायला गेले आणि आजींनी माझीच घेतली

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सांगलीत जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) दुसऱ्या वर्षाला आहे. एरवी इथं नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

सध्या पोस्टिंग फिमेल मेडिसिन वॉर्डात आहे. केस स्टडीसाठी एक पेशंट घ्यायचा, त्याची पूर्ण हिस्टरी लिहायची, मग नर्सिंग डायग्नोसिस, मग केअर प्लॅन. माझ्या वाट्याला एक आजी आल्या. वय त्या साठ सांगतात, आधार कार्डावर एकाहत्तर आहे. तक्रार चक्कर आणि अशक्तपणा. हिमोग्लोबिन ६.२, म्हणजे फारच कमी.

काल सकाळी फॉरमॅटचा कागद पॅडला लावून गेले आणि उभ्या उभ्याच सुरू केलं.

"आजी, काय त्रास होतोय?"
"काय न्हाय बाय, घेरी येती."
"कधीपासून?"
"लई दिस झालं."
"म्हणजे किती?"
"पुराच्या वर्षापासनं बघ."
"आधी कुठला मोठा आजार?"
"न्हाय."
"ऑपरेशन?"
"झालंय की."
"कशाचं?"
"कशाचं म्हंजे? पोरांचं!" (शेजारच्या कॉटवरच्या मावशीही हसल्या.)
"कुठल्या गोळ्या चालू आहेत?"
"न्हाय."
"ॲलर्जी?"
"ती काय असती?"
"काही सवयी? तंबाखू, दारू?"

यावर आजींनी माझ्याकडं असं बघितलं की मी मान खाली घालून 'नाही' लिहून टाकलं.

मग त्यांनी सुरू केलं. गाव कुठलं? आई काय करती? भावंडं किती? जेवलीस का? रात्री झोपत न्हाईस वाटतं, डोळं कसं झाल्यात बघ. पाचेक मिनिटांत बाबांच्या मणक्याचं दुखणं, आईची शुगर, ताईचं दुसरं सिझर, हॉस्टेलच्या डाळीनं बिघडलेलं माझं पोट, सगळं आजींकडं जमा. आमच्या फॉरमॅटप्रमाणं बघायला गेलं तर फॅमिली हिस्टरी आणि पर्सनल हिस्टरी दोन्ही पूर्ण.

मॅडमनी वही परत दिली. लाल पेनानं तीन गोल: 'कालावधी – बरेच दिवस', 'औषधे – नाही', 'सवयी – नाही'. खाली दोन शब्द, 'पुन्हा घे'.

आता पुन्हा काय घेऊ? प्रश्न तेच, उत्तरं तीच येणार. इथं सिस्टर, ब्रदर, डॉक्टर मंडळी आहेत असं वाचलंय. तुम्ही कसं विचारता?

---

भडंग_स्पेशल

आजींना तुमच्या कॉलेजात ट्यूटर म्हणून घ्या. बाकी चालू द्या, मी भडंग घेऊन बसलोय.

---

मिरजवाली_सिस्टर

पोरी, आधी एक सांग. बसली होतीस का?

मी चौतीस वर्षं ड्युटी केली, त्यातली निम्मी मेडिसिन वॉर्डात. उभ्या माणसाला पेशंट 'न्हाय' म्हणतो, कारण उभा माणूस निघायच्या घाईत असतो आणि 'न्हाय' म्हटलं की तो लवकर जातो. स्टूल ओढ, आजींच्या तोंडासमोर तुझं तोंड येईल अशी बस. पॅड मांडीवर उपडं ठेव. पाच मिनिटं काही लिहू नकोस.

आता तुझे तीन गोल.

कालावधी. आपल्याकडं बाई तारीख सांगत नाही, प्रसंग सांगते. बेंदरापासून, उरुसापासून, गणपती उठल्यापासून, ऊस तुटायच्या टायमाला. ते धरून तू तारीख काढायची. 'पुराच्या वर्षी' म्हणाल्या ना? कुठला पूर विचारलंस? २००५ चा, २०१९ चा का २०२१ चा? नदीकाठच्या माणसाला तीन पूर लख्ख आठवतात. तेव्हा कुठं राहायला गेला होता विचार, की वर्ष आपोआप कळतं. आणि पुराच्या वर्षी नेमकं काय सुरू झालं तेही विचार. घेरीच का आणखी काही? म्हातारी माणसं सगळी दुखणी एका दाव्याला बांधतात.

ऑपरेशन. बाईला नुसतं 'ऑपरेशन झालंय का' विचारलं की ती कुटुंबनियोजनाचंच सांगणार. सिझर ती त्यात धरत नाही, ते 'सिझर'. पिशवी काढली ती 'पिशवी काढली'. मोतीबिंदू म्हणजे 'डोळं केलं'. एकेक नाव घेऊन विचारावं लागतं. सोपी युक्ती सांगते, "पोटावर, अंगावर कुठं टाके पडलेत का?" टाके कुणी विसरत नाही.

गोळ्या. "गोळ्या चालू आहेत का" याचा अर्थ त्या घेतात 'डॉक्टरनं लिहून दिलेल्या, कायमच्या'. गुडघ्याची, झोपेची, पोट साफ व्हायची, मेडिकलवाल्याकडनं सुटी आणलेली, सुनेच्या पाकिटातली उसनी, यातली एकही त्यांच्या लेखी 'चालू' नसते. काढा, चूर्ण, भस्म तर औषधच नव्हे. म्हणून दुखण्याच्या बाजूनं जा. "गुडघं दुखतात तवा काय घेता?" "झोप लागंना झाली की?" सरळ विचार, "पिशवीत काय आणलंय, बघू." पेशंटच्या पिशवीत निम्मी हिस्टरी असते.

तिसऱ्या गोलाचं रात्री लिहिते. नातू आलाय.

---

ब्रदर_आयसीयू

सिस्टरना +१.

ॲलर्जीचं राहिलं. हा शब्द गावात चालत नाही. "कुठल्या इंजेक्शननं, गोळीनं अंगावर गांधी उठल्या होत्या का? तोंड सुजलं, दम लागला असं कधी झालं का?" असं विचार. 'रिॲक्शन' हा शब्द मात्र सगळ्यांना कळतो. "पेनिसिलिनची रिॲक्शन आली होती" असं आजोबा स्वतःहून सांगतात, त्याच आजोबांना ॲलर्जी विचारली तर 'न्हाय'. आणि उत्तर आलं की फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही. आत सातव्या पानावर लिहिलेली ॲलर्जी रात्रपाळीत कुणी वाचत नाही.

---

गणपती_पेठ

मी पेशंटच्या बाजूनं बोलतो, राग मानू नका.

मागच्या वर्षी आईला घेऊन आठ दिवस दवाखान्यात होतो. कुठल्या ते सांगत नाही. पहिल्या दिवशी केसपेपर काढताना हिस्टरी. मग शिकाऊ डॉक्टर. मग मोठे डॉक्टर. मग सिस्टर. दुपारी तुमच्यासारख्या सहा मुली, सहाही जणी तेच विचारतात. आईला धाप लागलेली, बोलताना थांबून थांबून श्वास घ्यायची. सहावीला ती म्हणाली, "बाळ, पाचवीला विचार, तिला सगळं ठाव हाय." एकदा लिहून ठेवा की! कॉम्प्युटर कशाला आहेत?

---

डॉ_अर्धीझोप

गणपती_पेठ, तुमचं बरोबर आहे. धाप लागलेल्या पेशंटला सहा वेळा विचारणं चूकच. अशा वेळी आधी श्वासाचं बघायचं, माहिती फाइलमधून आणि नातेवाइकाकडून घ्यायची, पेशंटला फक्त हो-नाहीत भागेल एवढंच विचारायचं. त्या मुलींच्या सोबत कुणीतरी मोठं असायला हवं होतं.

पण परत परत विचारण्याचं एक कारण आहे, हे खोटं नाही. हिस्टरी बदलते. मला 'दोन दिवसांपासून छातीत जळजळ' सांगणारे काका सिस्टरना संध्याकाळी 'चालताना डाव्या हातात कळ जाते, बसलं की थांबते' असं सांगतात. माझ्याशी बोलताना त्यांना ॲसिडिटी हवी असते, कारण तसं निघालं तर घरी जाता येतं.

धागाकर्ती, तुमच्या पेशंटबद्दल. इथं निदान करणार नाही, करूही नये. पण एकाहत्तर वर्षांच्या बाईंचं हिमोग्लोबिन सहा असेल, तर रक्त बनत नाहीये की कुठंतरी जातंय, हा प्रश्न प्रत्येकाच्या डोक्यात यायला हवा, तुमच्याही. मिरजवाली सिस्टरांनी गुडघे म्हटलं, त्यात मी एक घालतो, संडासचा रंग विचारा. काळी होते का? डांबरासारखी चिकट, घाण वास येणारी का नुसती गडद? लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, तेव्हा त्या चालू आहेत का तेही विचारा. जे कळेल ते वहीत लिहून केस स्टडीच्या तारखेची वाट बघू नका. लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगा.

---

भडंग_स्पेशल

जेवताना धागा उघडला ही माझी चूक.

---

मिरजवाली_सिस्टर

नातू झोपला. तिसरा गोल.

आजींना तू तंबाखू आणि दारू एका दमात विचारलीस. त्यांना वाटलं ही पोरगी मला दारुडी समजती का काय. आता मला सांग, त्यांचे दात बघितलेस? उजव्या हाताची तर्जनी बघितलीस?

मिश्री. तव्यावर तंबाखू काळा पडेपर्यंत भाजायचा, चुरायचा आणि बोटानं हिरडीला लावायचा. आपल्या भागातल्या जुन्या बायकांपैकी किती तरी जणी लावतात, आणि त्यांच्या मते ती सवय नव्हे, ती दात घासणं आहे. म्हणून "तंबाखू खाता का" याला 'न्हाय' हे उत्तर त्यांच्या बाजूनं शंभर टक्के खरं असतं. तू विचार, "मिश्री लावता का? दिसातनं किती वेळा?" मी तर आधी "माझी आईबी लावायची" म्हणायची. खरंच लावायची. कुणी "सकाळी एकदाच" म्हणालं की "आणि च्या झाल्यावर? दुपारच्याला? झोपताना?" असं पुढं जायचं. चारपाच वेळा निघते. कुणाकुणाची तपकीर निघते.

आणि मग गालाच्या आतून बघायचं. पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तोंड किती बोटं उघडतं. वॉर्डात आल्यावर मिश्री बंद होते, मग बाई चिडचिडी होते, रात्रभर जागी राहते, आणि आपण लिहितो 'झोप येत नाही, कारण अस्पष्ट'. माझ्या एका पेशंटला दोन रात्री अशाच गेल्या. तिसऱ्या दिवशी लेकीनं कागदाची पुडी आणून उशीखाली सरकवली तेव्हा उलगडा झाला.

---

ब्रदर_आयसीयू

पुरुषांकडं हेच दारूचं. "घेता का?" ला नाही. "कधीमधी?" ला "बसलो तर". "शेवटची कधी?" ला "परवा". तारीख घ्याच, कारण रोज पिणारा माणूस ॲडमिट झाल्यावर साधारण दोनतीन दिवसांत हात थरथरायला लागून भ्रमात जाऊ शकतो. बायकोसमोर विचारू नका. बायकोला वेगळं विचारा.

---

ट्यूटर_कमी_आई_जास्त

मी नर्सिंग शिकवते, त्यामुळे लाल पेनाच्या बाजूनं थोडं.

मुली फॉरमॅट हीच हिस्टरी समजतात. नाव, वय, पत्ता, मुख्य तक्रार, सध्याचा आजार, पूर्वीचे आजार, घराण्यातले आजार, वैयक्तिक, पाळी आणि बाळंतपणं, आर्थिक स्थिती. हा क्रम कागदावर लिहायचा आहे. विचारायचा क्रम पेशंट ठरवतो. तो लेकीच्या लग्नापासून सुरुवात करेल तर तिथून सुरू करा, नंतर होस्टेलवर बसून खणाखणात भरा.

मुख्य तक्रार पेशंटच्या शब्दांत लिहा हे पुस्तकात असतं, तरी सगळ्या 'गिडीनेस' लिहितात. आजी 'घेरी' म्हणाल्या ना, 'घेरी'च लिही. आपल्या भाषेत दुखण्याला केवढे शब्द आहेत बघा. कळ येते, ठणकतं, चमक निघते, जळजळतं, टोचतं, मुरडा येतो, अंग कसकसतं, मुंग्या येतात. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या वाटेनं नेतो. बाईनं "लघवीला उन्हाळी लागलीय" म्हटलं तर तिनं निम्मं निदान सांगितलं. त्याचं 'पेन' केलंत की ते हरवलं.

दुसरं, डॉक्टरांची हिस्टरी आणि आपली हिस्टरी एक नव्हे. डॉक्टर आजार शोधतात. त्या आजारानं बाईचं रोजचं जगणं कुठं अडलंय, हे आपण बघायचं. रात्री संडासला उठताना घेरी आली तर धरायला कोण आहे? संडास घरात का परड्यात? स्वयंपाक कोण करतं? चष्मा आहे का, असला तर आणलाय का? नर्सिंगतज्ज्ञ मार्जोरी गॉर्डन यांचे अकरा पॅटर्न (झोप, खाणं, हालचाल असे रोजच्या जगण्याचे तपासायचे भाग) पाठ करून घेतात ते याच्यासाठी. त्यातला झोपेचा एक घ्या. "झोप लागते का चांगली?" याला काय उत्तर येणार? "लागती." त्याऐवजी किती वाजता आडव्या झालात, डोळा कधी लागला, कितीदा जाग आली, कशानं आली? फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ सालच्या पुस्तकात नेमकं हेच सांगितलंय, की रात्र कशी गेली असं मोघम न विचारता किती तास आणि कोणत्या वेळेला झोप झाली ते विचारा. उत्तर आपणच प्रश्नात घालून दिलं की चुकीची माहिती मिळते, हा त्यांचा मुद्दा. दीडशेवर वर्षं झाली, आमच्या मुली अजून विचारतात, "आजी, दुखत नाही ना आता?"

दुखण्याच्या शून्य ते दहाच्या मापाचंही तसंच. म्हातारी माणसं 'सात' म्हणत नाहीत. "रुपयातलं किती आणे दुखतंय" विचारा. १९५७ ला नवे पैसे आले तरी बारा आणे अजून सगळ्यांना कळतात. काल बारा आणे होतं, आज चार आणे. झालं की मोजमाप. लिहिताना पेशंटचे आणेच लिहा, कंसात आकडा.

---

डॉ_अर्धीझोप

आणे आवडले. उद्यापासून वापरतो.

---

जत_बाजूचा

सीमाभागाचंही कुणीतरी लिहा. मिरजेत निम्मे पेशंट अथणी, चिकोडी, विजापूरकडचे. सिस्टर मराठीत विचारणार, आजी कानडीत सांगणार, मधे नातू भाषांतर करणार. आजी दोन मिनिटं बोलल्या तरी नातू सांगणार, "कायनाय, पोट दुखतंय म्हणत्या."

दोन वाक्यं पाठ करून ठेवा, 'एल्लि नोवु?' म्हणजे कुठं दुखतंय, 'एष्टु दिना?' म्हणजे किती दिवस. आणि 'ऊटा आयता?' म्हणजे जेवण झालं का. तिसऱ्याचा वैद्यकीय उपयोग कमी, पण त्यानंतर आजी तुमच्याशी बोलतात.

अंगावरून जाण्याचं, पाळीचं नातवाला भाषांतर करायला लावू नका राव. तो मेल्याहून मेल्यासारखा होतो. स्वानुभव.

---

एएनसी_पोस्टिंग

मी बीएस्सी नर्सिंग तिसरं वर्ष. माझं बाळंतपणाच्या हिस्टरीत अडतं. शेवटच्या पाळीची तारीख विचारली की "संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी". आणि किती मुलं विचारलं तर दोन, जुन्या कागदावर मात्र ही चौथी खेप.

---

मिरजवाली_सिस्टर

तारखेला भिंतीवरचं कॅलेंडर. संकष्टी, अमावस्या, एकादशी सगळी त्यात असते, फोनमध्येही फोटो काढून ठेव. तारीख मिळाली की नऊ महिने आणि सात दिवस पुढं, ती बाळंतपणाची अंदाजे तारीख. १० जून असेल तर १७ मार्च. पाळी अठ्ठावीस दिवसांनी नेमानं येत असेल तरच हा हिशेब जवळपास बसतो, म्हणून ती नेमानं येते का हेही विचार.

दुसरं. 'किती मुलं' विचारलं की बाई जिवंत मुलं सांगते. आपल्याला हवं ते वेगळं, "एकूण किती वेळा दिवस गेले?" मग एकेक. पूर्ण दिवसांचं का आधीच, बाळ रडलं का, आता आहे का. कुणी 'पिशवी धुतली' म्हणेल, कुणी 'खाली केलं' म्हणेल, ते मोजायचं. आणि हे सासूसमोर अजिबात विचारायचं नाही. सासूबाईंना "हा कागद झेरॉक्स करून आणता का" म्हणून पाठव आणि पडदा ओढ.

एकदा एक बाई मला चार म्हणाली. मी गप्प बसले. तिनं बोटं मोजायला घेतली, अंगठ्यापासून. सातव्या बोटावर थांबली. मी पाणी दिलं. त्या दिवशी मी फॉरमॅटातलं पुढचं काही विचारलं नाही.

---

गणपती_पेठ

सिस्टर, तुम्ही आमच्या आईच्या वेळी असायला पाहिजे होतात.

---

द्राक्षबागवाला

तासगावकडचा आहे. एक भर घालतो. कामधंदा विचारल्यावर 'शेती' लिहून सोडू नका. कसली शेती? बाग असेल तर औषध कोण मारतं, आज मारलंय का, तोंडाला काही बांधलं होतं का? आमच्या वस्तीवर एक गडी उलट्या, घाम आणि तोंडाला लाळ म्हणून दवाखान्यात गेला. 'उन्हानं झालं' म्हणून निम्मा तास तसाच पडून होता. फवारणीचं कुणी विचारलंच नाही, त्यानंही सांगितलं नाही, कारण मालक शेजारी उभा. मग एका शिकाऊ पोरानं कपड्यांचा वास घेतला. डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झालेल्या. नंतर वाचला.

खानापूर-आटपाडीकडचा माणूस 'सोन्याचं काम' म्हणाला तर गलाई (सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं) का ते विचारा. त्यांचा ॲसिडच्या वाफेशी संबंध येतो. धाप लागली तर उपयोगी पडतं.

---

डॉ_अर्धीझोप

अगदी. आणि पावसाळ्यात ताप घेऊन आलेल्या माणसाला पुराच्या, चिखलाच्या पाण्यात उतरला होता का, पायाला जखम होती का, हे विचारायचं. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, असल्या दूषित पाण्यातून होणारा ताप) डोक्यात येण्याची सुरुवात तिथूनच होते.

---

संपादक

धागाकर्ती, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये कॉट नंबर आणि गावाचं नाव होतं, ते काढलं आहे. एकाहत्तर वर्षांच्या आजी, अमुक गाव, अमुक वॉर्ड एवढ्यावरून ओळख पटते. पुढंही काळजी घ्यावी.

---

कृष्णाकाठची

संपादक, खरंच लक्षात आलं नाही, माफ करा. वहीत आम्ही फक्त आद्याक्षरं लिहितो, इथं मात्र सगळं लिहून बसले.

आता झालं काय ते सांगते. थोडं मोठं आहे.

आज मॉर्निंगला हेअर केअरची प्रोसिजर होती. म्हटलं आजींचीच करू. पॅड कपाटात ठेवलं. स्टूल घेऊन मागं बसले, तेल लावलं, केस विंचरायला घेतले. पातळ झालेत, पण लांब आहेत, कमरेपर्यंत. गुंता फार होता, आठदहा दिवस कुणी हात लावलेला नसावा. आजी काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "थोरली लेक अशी विंचरायची."

मी विचारलं, पूर आला तेव्हा कुठं होतात? मग सुरू झाल्या. २०१९ चा पूर. तीन दिवस शेजाऱ्याच्या माडीवर, खाली म्हैस बांधलेली, ती सोडायला दिवसातून किती तरी वेळा जिना चढ-उतार. "तवापासनं गुडघं गेलं बघ." म्हणजे पुराच्या वर्षापासून गुडघे! घेरी बेंदरापासनं. मुख्य तक्रार अडीच महिन्यांची, गुडघे सहा-सात वर्षांचे. मी दोन्ही एकत्र करून ठेवलं होतं.

"मग गुडघ्याला काय करता?"

"बाजाराच्या दिवशी मेडिकलमधनं पुडी मागवती. तीन गोळ्या आसत्यात. एक पांढरी, एक लाल, एक बारकी. घेतली की रातच्याला पाय गप पडत्यात."

"रोज?"

"रोज कुठली! दुखलं तरच." केसांतून फणी दोनदा फिरवली. "दुखतं की रोज."

मला हसू पण येईना. उपाशीपोटी का विचारलं, तर सकाळी चहावर. पोटात आग व्हायची म्हणून चहात दूध जास्त घालायच्या, हा त्यांचा उपाय.

संडासचं विचारायला मला लाज वाटत होती. मागं बसलेली होते तेच बरं झालं, समोरासमोर विचारता आलं नसतं. "परसाकडं काळं होतंय का?" तर म्हणाल्या, होय, आशाताईंनी रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या त्यानं होतंय, आशाताई म्हणाल्या होत्या काळं होईल. मग डॉक्टरांचं आठवलं. त्या गोळ्या अजून घेता का? "छ्या, पंधरा दिस घेतल्या, पोट घट झालं, टाकून दिल्या." आणि काळं? "ते हायच की."

फणी तशीच केसात ठेवून मी इन्चार्ज सिस्टरकडं गेले. त्यांनी रेसिडेंट सरांना बोलावलं. सरांनीही ॲडमिशनच्या वेळी गोळ्यांचं विचारलं होतं, त्यांनाही 'न्हाय'च मिळालं होतं. आजींच्या पिशवीत उरलेली एक पुडी निघाली, ती सरांनी नेली. दुपारी दुर्बीण केली, जठरात अल्सर आहे. आता रक्ताची एक बाटली चालू आहे, दुसरी उद्या. मी दर पंधरा मिनिटांनी व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप, श्वास) घेत होते. आजी म्हणतात, सारखी सारखी काय येतीस, बस की.

मिश्री चार वेळा. पहिल्या बाळंतपणापासून. "ही सवय व्हय? ही तर दात घासायची." सिस्टर, शब्दाला शब्द तुमचाच! उजव्या गालात आत एक पांढरा चट्टा दिसतोय असं मला वाटलं, सिस्टरना दाखवलाय, उद्या डेंटलचा रेफरन्स आहे.

मॅडमनी वही घेतली. लाल गोल नाहीत. पण 'ॲलर्जी' समोर प्रश्नचिन्ह आहे, कारण गांधी उठल्याचं विचारायचं सगळ्या गडबडीत राहूनच गेलं. उद्या सकाळी पहिलं ते.

---

डॉ_अर्धीझोप

छान काम. तो वेदनाशामक गोळ्यांचा कॉकटेल अशाच पुड्यांतून मिळतो, कधी त्यात स्टेरॉईडही असतं, म्हणून ती पुडी जपून ठेवायला सांगा. एकदम बंद केल्यावर काय होतंय त्यावर लक्ष ठेवावं लागेल. आणि गुडघे दुखायचे थांबलेले नाहीत, त्याचं आजींना दुसरं काहीतरी द्यावं लागेल, नाहीतर डिस्चार्जनंतरच्या बाजाराला परत पुडी.

---

मिरजवाली_सिस्टर

विंचरून झाले का पुढं केस? का फणी तशीच?

---

कृष्णाकाठची

संध्याकाळी वेणी घालून दिली सिस्टर. आजींनी परत लग्नाचं विचारलं.

एक शेवटची शंका आहे, ट्यूटर मॅडम बघतील का? उद्या फॅमिली ट्री द्यायचाय. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, वारलेल्यावर फुली, तीन पिढ्या, हे कळलं. पण आजींच्या नवऱ्याची पहिली बायको म्हणजे आजींची सख्खी थोरली बहीण. ती बाळंतपणात गेली, मग तिच्या मुलाला सांभाळायला म्हणून आजींना त्याच घरात दिलं. वय चौदा. तो मुलगा आता आजींचा थोरला, पुडी तोच आणून द्यायचा. आता हे काढू कसं? माझा कागद तीन वेळा फाटला.

---

ट्यूटर_कमी_आई_जास्त

नवऱ्याचा चौकोन एकच. त्याच्या डाव्या बाजूला थोरलीचा गोल, फुली मारून, उजव्या बाजूला आजींचा, आणि दोघींना त्याच्याशी वेगवेगळ्या रेघांनी जोड. थोरल्या मुलाची रेघ डाव्या जोडणीतून खाली येईल, बाकीच्यांची उजव्या. मग दोन्ही गोल वर नेऊन एकाच आईबापाला जोड. ती रेघ नवऱ्याच्या डोक्यावरून जाईल, जाऊ दे. आजींच्या गोलाला दुहेरी कडा कर, पेशंट त्या आहेत. बहीण कशानं गेली ते फुलीशेजारी दोन शब्दांत लिही, 'रक्त गेलं' म्हणाल्या असतील तर तसंच.

कागद आडवा धर. आणि आधी पेन्सिलनं काढ.